पुरुषांचे विरळ होणारे केस: उपाय निवडायचा कसा, सुरुवात करायची कुठून

केस विरळ होऊ लागले की बहुतेक पुरुषांचा पहिला प्रश्न असतो, "काय लावू?" या प्रश्नाची घाई करू नका. आधी केस कशामुळे जाताहेत ते कळू द्या, मग आपल्याला काय हवंय ते ठरवा, आणि त्यानंतर बाटली, गोळी किंवा शस्त्रक्रियेकडे वळा. हा क्रम उलटा झाला की वर्ष-दोन वर्षं हातची जातात, आणि इथे वेळ फार मोलाचा असतो. डोक्यावर असलेला केस टिकवणं बऱ्याचदा जमतं, गेलेला परत आणणं मात्र अवघड असतं. उपाय तोलताना हे सतत लक्षात ठेवा.

पहिली पायरी: केस गळताहेत की बारीक होताहेत?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं अगदी नेहमीचं आहे. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेतं, जुना केस गळतो आणि तिथेच नवा उगवतो. त्यामुळे उशीवर किंवा कंगव्यात चार केस दिसले म्हणून टक्कल पडायला लागलं असं होत नाही.

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात वेगळंच घडत असतं. दर फेरीला उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड होत जातो, आणि शेवटी तिथे नुसती लव उरते. हे घरीही पाहता येतं. डोक्याच्या मागच्या भागातला, मानेच्या थोडा वरचा एक केस घ्या आणि कपाळाच्या कोपऱ्याजवळचा एक घ्या. दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. मागचा टोकापर्यंत एकसारखा जाड आणि पुढचा त्याच्यापुढे अगदी तलम, फिकट दिसत असेल, तर मुळं आकसू लागली असण्याची दाट शक्यता आहे. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकणं आणि भोवऱ्याभोवती डोकं दिसू लागणं ही याची ओळखीची खूण. पन्नाशीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत हे कमी-अधिक दिसतं.

यामागचं कारण समजून घ्या, कारण पुढचे उपाय त्यावरच बेतलेले आहेत. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचं एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने डीएचटी नावाच्या संप्रेरकात रूपांतर होतं. पुढच्या आणि भोवऱ्याच्या भागातली केसांची मुळं अनुवंशाने डीएचटीला संवेदनशील असतील, तर ती हळूहळू आकसतात. मागची आणि कानांवरची मुळं याला सहसा बधत नाहीत, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत टिकते. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही पुरुषांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांच्यात जन्मतःच हा विकर कमी होता, आणि त्यांच्यात असं टक्कल पडलेलं दिसत नव्हतं. फिनास्टेराइड या गोळीच्या विचाराला याच निरीक्षणाने चालना दिली. आणि हो, हा वारसा फक्त आईकडच्या आजोबांकडून येतो, हे खरं नाही. दोन्ही घराण्यांतले अनेक जनुक यात गुंतलेले असतात.

आता दुसरी शक्यता. मूठभर केस अचानक, सगळ्या डोक्यावरून सारखे गळू लागले असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेलं वजन, तीव्र मानसिक ताण, नवं औषध? असा धक्का बसला की पुष्कळ मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि केस नंतर एकत्र गळतात. कारण दूर झालं की ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आसपास आपोआप थांबते. तिच्यावर महागडा उपाय सुरू केला, तर केस परत आल्यावर श्रेय त्या उपायालाच जातं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असू शकतात हेही ध्यानात असू द्या. अशा गळतीमुळे आधीपासून लपलेलं विरळपण उघडं पडतं.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती बहुधा चाई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते आणि तिचे उपचार वेगळे. दुखणं, आग, पू, जाड खपल्या, किंवा केसांची भोकं बुजून चकचकीत झालेली त्वचा दिसली तर थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. व्रण करून जाणाऱ्या काही आजारांत मूळ एकदा मेलं की ते परत येत नाही.

दुसरी पायरी: त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा

सलून, जाहिरात किंवा मोबाइलवरची प्रश्नावली निदान करत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने त्वचा पाहतात. एकाच भागात जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले की निदान बरंचसं पक्कं होतं. रक्ततपासणी प्रत्येकाला लागत नाही. थकवा, वजनातला बदल किंवा पसरट गळती असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघतात.

जाताना तीन गोष्टी लिहून न्या: गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं, चालू असलेली सगळी औषधं (व्यायामशाळेतली पावडर आणि इंजेक्शनं धरून), आणि घरात कोणाचे केस कसे गेले ते. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा स्नायू वाढवणारी स्टेरॉइड्स टक्कल वेगाने पुढे नेऊ शकतात. ही माहिती संकोचाने लपवू नका.

तिसरी पायरी: फोटो

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि नंतर औषधाचा उपयोग झाला की नाही यावर घरातच वाद होतो. आरशाला रोजची सवय होते, त्यामुळे सावकाश होणारा बदल त्यात दिसतच नाही.

फोटो काढायची एक जागा आणि एक दिवा ठरवा. केस कोरडे, जेल नाही, लांबी शक्यतो तेवढीच. समोरून केस मागे ओढून एक, दोन्ही कोपऱ्यांचे दोन, मान खाली घालून माथ्याचा एक, आणि भोवऱ्याचा एक दुसऱ्या कोणाकडून. ओल्या केसांचे फोटो काढू नका, ओलं डोकं नेहमीच विरळ दिसतं. महिन्यातून एकदा काढले तरी पुरे. मात्र तुलना सहा आणि बारा महिन्यांनीच करा. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, दर आठवड्याला तपासून हाती फक्त काळजी लागते.

डॉक्टर टकलाची अवस्था नॉरवूड मापनावर सांगतील. त्यात सात टप्पे आहेत. दुसरा-तिसरा टप्पा म्हणजे कोपरे मागे गेलेले, सहावा-सातवा म्हणजे फक्त झालर उरलेली. आपण आज कुठे आहोत यापेक्षा गेल्या दोन वर्षांत किती टप्पे सरकलो, यावर माझ्या मते निर्णय अधिक अवलंबून असायला हवा.

चौथी पायरी: उपाय समोर मांडा

प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारा. याचा पुरावा कितपत आहे? मी हे निदान वर्षभर न चुकता करेन का? आणि थांबवलं तर काय होईल? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, म्हणून तो मुद्दाम लिहिला.

*मिनॉक्सिडिल.* हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी दोन टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली, नंतर पाच टक्के आणि फेसही (फोम) आला. पुरुषांसाठी पाच टक्के अधिक परिणामकारक ठरलं आहे. ते डीएचटीला हात लावत नाही, वाढीचा काळ लांबवतं. म्हणून मूळ कारण मागे चालूच राहतं.

ते लावण्याची पद्धत महत्त्वाची आहे. द्रावण असेल तर एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला. केसांमध्ये भांग पाडा, ड्रॉपरचं टोक त्वचेजवळ न्या, थेंब त्वचेवर पडू द्या, बोटाने पसरवा, मग अर्ध्या इंचावर दुसरा भांग. केसांवरूनच ओघळवलं तर औषध केसांनाच लागतं, मुळापर्यंत पोचत नाही. निदान चार तास डोकं धुवू नका. झोपण्याच्या बरंच आधी लावा, म्हणजे उशीला लागून चेहऱ्यावर येणार नाही. हात साबणाने धुवा. घरात मांजर असेल तर विशेष जपा, हे औषध मांजरांना अगदी थोडंही विषारी ठरू शकतं.

सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. बरेच जण नेमके इथेच घाबरून सोडतात. जुने, विश्रांतीतले केस नव्यांना जागा करून देत असतात, आणि ही गळती ओसरते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, पुरता अंदाज वर्षाने येतो. थांबवलंत, तर मिळालेलं तीन ते सहा महिन्यांत जातं. खाज आणि कोंड्यासारखं सुटणं बऱ्याचदा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे होतं, अशा वेळी फेस चालतो का ते बघा. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज आली तर बंद करा आणि डॉक्टरांना कळवा.

हल्ली कमी मात्रेच्या मिनॉक्सिडिलच्या गोळ्याही दिल्या जातात. लावायचा कंटाळा असणाऱ्यांना त्या सोयीच्या वाटतात, पण केसांसाठी त्यांचा वापर अधिकृत मान्यतेबाहेरचा आहे, आणि अंगावर-चेहऱ्यावर केस वाढणं, सूज येणं, नाडी जलद होणं असे परिणाम दिसतात. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच नको.

*फिनास्टेराइड.* रोज एक मिलिग्रॅमची गोळी. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणाऱ्या विकराला ती अडवते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. केसांसाठी अमेरिकेत तिला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केसांची संख्या घटली नाही. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. टिकवण्याच्या बाबतीत लावायच्या किंवा गिळायच्या औषधांत इतका भक्कम आधार फार थोड्यांना आहे.

तरीही हिच्याबद्दल शांतपणे बसून बोलायला हवं. चाचण्यांच्या पहिल्या वर्षात कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं, वीर्याचं प्रमाण घटणं यांपैकी काही तरी ३.८ टक्के पुरुषांना जाणवलं. औषध नसलेल्या गोळीवर २.१ टक्क्यांना. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर हे जातं, पण थांबवल्यानंतरही त्रास रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. उदासपणाच्याही नोंदी आहेत, आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं निश्चित केलं. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना सांगा. सुरू करताना जोडीदाराला किंवा जवळच्या माणसालाही सांगून ठेवा, कारण मनःस्थितीतला बदल आपल्याआधी त्यांना दिसतो. मन बदलतंय असं वाटलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा.

आणखी तीन गोष्टी. ही गोळी प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा साधारण निम्म्यावर आणते, तेव्हा चाचणी करणाऱ्या डॉक्टरांना ती चालू असल्याचं सांगा. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. आणि चालू असताना व थांबवल्यानंतर महिनाभर रक्तदान करू नये. मूल होण्याचा विचार चालू असेल तर तोही विषय डॉक्टरांकडे आधीच काढा.

ड्युटास्टेराइड याच जातीचं, पण अधिक जोरकस. ते डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरवतं आणि शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. केसांसाठी त्याला दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मान्यता आहे, बऱ्याच देशांत नाही. पहिली पायरी म्हणून मी ते सुचवणार नाही. काही त्रास झालाच तर ते अंगातून लवकर निघत नाही.

*बाकीचे.* पीआरपीमध्ये आपलंच रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात. काहींना फायदा होतो, पण रक्त किती, फिरवायचं किती, किती वेळा टोचायचं, याची सर्वमान्य पद्धत नाही. त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे मिळेलच असं नाही. बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग मिनॉक्सिडिलच्या जोडीला उपयोगी पडल्याचे चांगले संकेत आहेत; ते स्वच्छतेने आणि शिकून करायची गोष्ट आहे, आणि सुया टोचल्या त्या दिवशी औषध लावू नये. लाल प्रकाशाच्या टोप्या व कंगव्यांचा परिणाम माफक आणि वापर कायमचा. त्यांच्या जाहिरातीत 'एफडीए क्लिअर्ड', म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने विक्रीला मोकळीक दिलेलं, असं लिहिलेलं असतं. औषधाला मान्यता मिळवायला जेवढा पुरावा लागतो तेवढा यासाठी लागत नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू कोंडा असेल तर जरूर वापरा, केसांना त्याची थोडी मदत होऊही शकेल.

बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता नसताना त्याच्या गोळ्या केस वाढवत नाहीत. उलट मोठ्या मात्रेत थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे बिघडवतात. तेलाने केसाला तुकतुकीतपणा येतो, तुटणं कमी होतं, पण आकसलेलं मूळ तेलाने जाड होत नाही. टोपी किंवा हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही आणि गोटा केल्याने केस दाट उगवत नाहीत.

पाचवी पायरी: प्रत्यारोपणाचा विचार करत असाल तर

हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे नवे केस तयार करणं नव्हे. मागच्या, डीएचटीला न बधणाऱ्या भागातली मुळं उचलून पुढे लावायची, एवढंच. मागची शेती किती आहे, त्यातून कायमची रोपं किती उपटता येतील, यावर सगळा हिशेब बसतो. तिथून काढलेलं परत उगवत नाही. पंचविशीच्या आत पुढे सरळ दाट कपाळरेषा लावून घेतली आणि त्या रेषेमागचं टक्कल नंतर वाढतच गेलं, तर चाळिशीत कपाळावर एक पट्टा आणि मध्ये ओसाड जागा, असं दिसतं. चांगला सर्जन तरुण माणसाला थांबा म्हणतो, आधी औषधाने गळती स्थिर करा म्हणतो, आणि वयाला शोभेल अशी थोडी उंच, कोपरे मागे असलेली रेषा आखतो. लगेच तारीख देणाऱ्यापेक्षा असा माणूस शोधा.

पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून त्वचेची पट्टी काढतात, मागे एक रेषेचा व्रण राहतो. एफयूईमध्ये एकेक मूळ बारीक गोल पात्याने काढतात, विखुरलेले ठिपके राहतात. केस अगदी बारीक ठेवायचे असतील तर दुसरी बरी. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, ते ठरलेलंच आहे. तीन-चार महिन्यांनी नवे फुटू लागतात आणि खरं रूप वर्षभराने दिसतं.

भेटीत हे विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. छेद कोण देणार, मुळं कोण काढणार? सर्जन स्वतः किती वेळ खोलीत असेल? माझ्या मागच्या भागातून आयुष्यभरात किती ग्राफ्ट (लावायला काढलेली मुळं) निघतील, आणि आत्ता किती वापरताय? टक्कल पुढे वाढलं तर उरलेल्यांचा बेत काय? वर्ष पूर्ण झालेल्या, माझ्यासारख्या केसांच्या रुग्णांचे ओल्या आणि कोरड्या केसांचे फोटो दाखवाल? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या. जगभर असे दवाखाने आहेत जिथे नाव डॉक्टरचं असतं आणि छेद परवाना नसलेली माणसं देतात. बिघडलेलं काम दुरुस्त करायला मागे पुरेशी मुळंच उरत नाहीत, म्हणून हा मुद्दा मी ताणून धरतोय.

प्रत्यारोपणानंतरही मूळचे केस जातच राहतात. म्हणजे औषध बहुधा चालूच ठेवावं लागतं. 'एकदा पैसे टाकले की सुटलो' या हिशेबाने जाऊ नका.

सहावी पायरी: काहीच न करणं हाही पर्याय तोला

टक्कल हा आजार नाही. रोजचं औषध नको वाटत असेल, तर तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. आखूड कापलेले केस विरळ भाग झाकायला जास्त कामाचे. लांब केस आडवे ओढल्याने उलट तोच भाग नजरेत भरतो. केराटिनची बारीक भुकटी भोवरा पातळ असताना छान झाकते, पण जिथे केसच नाहीत तिथे तिला धरायला काही नसतं. त्वचेवर ठिपक्यांचं गोंदण किंवा विग हेही मार्ग आहेत. उघड्या डोक्याला मात्र ऊन लागतं, तिथे सनस्क्रीन लावत जा.

आता ठरवा

विशीत आहात, कोपरे नुकते हलू लागलेत: डॉक्टरांना दाखवा, फोटो सुरू करा, मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड यांपैकी एक निवडा आणि शस्त्रक्रियेचं नाव काही वर्षं काढू नका. तिशी-चाळिशीत भोवरा पातळ झालाय: दोन्ही औषधांची जोडी सर्वाधिक फळ देते, फिनास्टेराइडची जोखीम तुम्हाला मान्य असेल तर. पन्नाशीत फक्त झालर उरलीय: औषधाकडून फार अपेक्षा ठेवू नका, मागचा भाग दाट असेल तर मर्यादित प्रत्यारोपण, नाहीतर मशीन फिरवून मोकळे व्हा.

दोन औषधं घ्यायची असली तरी एकाच दिवशी सुरू करू नका. मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या, म्हणजे त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळेल. नावं बदलून येणाऱ्या, अनेक औषधं एकत्र बांधलेल्या 'सर्वसमावेशक किट'मध्ये हीच सोय हरवते; शिवाय आत काय आणि किती, ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

वर्ष झालं की फोटो शेजारी ठेवा. केस होते तेवढेच असतील तर औषध काम करतंय असं समजा, कारण औषधाविना ते कमी झाले असते. फरक पडलेला नसून विरळपण वाढलं असेल, तर आधी प्रामाणिकपणे बघा की किती दिवस चुकले, लावायची पद्धत बरोबर होती का, आणि ते सगळं ठीक असेल तर डॉक्टरांशी दुसऱ्या औषधाबद्दल बोला. बंद करायचं ठरवलंत तर पुढचे सहा महिने फोटो चालू ठेवा. परत सुरू करायचं की नाही हे तेच दाखवतील.